सुई पडेपर्यंत

बुधवारच्या यादीत अकराच्या खान्यात माझंच नाव होतं. यंत्रावर कुणी कधी बसायचं, ती रोजची यादी मी करते. त्या मंगळवारी ती आमच्या साहेबाच्या, डेरेकच्या, सेक्रेटरीने केली होती आणि दुपारी तीनच्या सुमारास माझ्या स्क्रीनवर येऊन पडली होती. नऊला अकाउंट्समधलं कुणीतरी, दहाला एक ड्राफ्ट्समन, अकराला अनुराधा, एचआर. एचआरमध्ये दुसरी अनुराधा नाही हे मला माहीत होतं, तरी मी ती ओळ तीनदा वाचली. मग तळहात ओले झाले. आणि पहिला विचार आला तो माझ्या मुलीचा नाही, नवऱ्याचा नाही, देवाचाही नाही. पहिला विचार आला की ओल्या हातांनी सुई सैल होते, उद्या हात कोरडे हवेत. चार महिने सुई वाचून माणसाचं काय होतं बघा. मी हात कुर्त्याला पुसले आणि खिडकीबाहेर पाहत बसले. जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या सत्ताविसाव्या मजल्यावरून समोर चार अर्धवट इमारती दिसायच्या, त्यांतली एक आमच्याच बांधकाम कंपनीची. तिच्यावरची क्रेन नोव्हेंबरपासून एकाच दिशेला तोंड करून उभी होती. आता फेब्रुवारी चालू होता.

ते यंत्र म्हणजे फार मोठं काही नाही. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, तिच्या तोंडावर अर्धगोल तबकडी, तबकडीवर एक बारीक सुई, बाजूला फिरवायची दोन बटणं. पेटीतून दोन वायरी निघतात आणि त्यांच्या टोकांना दोन पत्र्याचे डबे असतात. समोरच्याने ते दोन हातांत धरायचे. अंगातून इतका थोडा करंट जातो की कळतही नाही. तबकडीचं तोंड वाचणाऱ्याकडे असतं; डबे धरणाऱ्याला सुई दिसत नाही. सायंटॉलॉजी नावाच्या अमेरिकन पंथात असं यंत्र हातात देऊन माणसाच्या मनावरचं ओझं शोधतात म्हणे. डेरेकने ते कुठेतरी पाहिलं होतं, त्यावरून कुणाकडून तरी एक तसलंच यंत्र बनवून घेतलं आणि आमच्या कंपनीपुरती आपली एक पद्धत बसवली. त्या पंथाशी आमचा काडीचा संबंध नव्हता. होती ती नक्कल, आणि नक्कल करणाऱ्याच्या हातात सगळ्यांच्या नोकऱ्या होत्या. वीस ठरलेले प्रश्न. प्रश्न विचारायचा आणि सुईकडे बघायचं. सुई उजवीकडे गेली की 'पडली' म्हणायचं. थोडी पडली, पडली, लांब पडली असे तीन शेरे. जिथे पडेल तिथेच पुढचं खोदून विचारायचं, सांगितलेलं त्या माणसाच्या शीटवर लिहून घ्यायचं. जिथे पडली नाही तो प्रश्न तिथेच सोडायचा, त्यावर एक अक्षरही लिहायचं नाही. हे सगळं मला दहा दिवस शिकवलं आणि मग माझ्याकडे सोपवलं, कारण डेरेकच्या मते माझा चेहरा बघून लोक बोलतात.

सुरुवातीला नाव होतं 'स्ट्रेस प्रोग्रॅम'. अमेरिकेत लीमन बँक बुडाली, इथल्या इमारती थांबल्या, लोक सैरभैर झाले, तर त्यांचं मन हलकं करायचं. लोक यायचे, डबे धरायचे, रडायचेसुद्धा. मला ते काम आवडायचं हे कबूल करते. माणसाच्या तोंडून शब्द निघायच्या आधी सुईला कळायचं आणि सुईच्या मागोमाग मला. एखाद्याला आपल्याबद्दल काही माहीत नाही आणि आपल्याला त्याच्याबद्दल माहीत आहे, यात एक गोडी असते. ती वाईट असते, पण असते. घरी जेवताना मी माझ्या मुलीला, सृष्टीला, 'गृहपाठ झाला का' विचारायचे आणि तिच्या कपाळावर सुई शोधायचे. मग डिसेंबरात नोकरीवरून काढायच्या माणसांची पहिली यादी निघाली. अठरा माणसं. जानेवारीत दुसरी. मी माझ्या शीट्सची फाईल आणि त्या याद्या शेजारी ठेवून कधीच बघितल्या नाहीत, बघायची गरज नव्हती. ज्यांच्या शीटवर 'लांब पडली' होतं ती माणसं एक एक करून दिसेनाशी झाली. मी स्वतःला सांगितलं, योगायोग. जात्यातले रडतात, सुपातले हसतात म्हणतात. मी सुपात होते, हसत नव्हते इतकंच.

साडेतीनला मोहिद्दीनभाई आले. मोहिद्दीनभाई आमच्या कंपनीचे मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून सगळ्यांच्या व्हिशांची कामं करणारा माणूस. श्रीवर्धनचे, बावीस वर्षं या देशात, अरबी आपल्या आईच्या भाषेसारखं बोलायचे. कंपनीतल्या प्रत्येकाचा पासपोर्ट कधी ना कधी त्यांच्या काखेतल्या त्या तपकिरी बॅगेतून गेलेला. हल्ली त्या बॅगेतून फक्त व्हिशांची कॅन्सलेशनच जात होती. डिसेंबरातली अठरा त्यांनीच नेऊन टाकली, जानेवारीतली बावीसही. फेब्रुवारीच्या यादीत त्यांचं स्वतःचं नाव होतं.

"ताई, इथे एक सही. आणि मागच्या पानावर इथे," त्यांनी फॉर्म माझ्यासमोर ठेवला आणि बोटाने जागा दाखवली, जशी ते सगळ्यांच्या फॉर्मवर दाखवत. फोटोतून तेच माझ्याकडे बघत होते.

"स्वतःचा फॉर्म स्वतःच घेऊन आलात?"

"मग कोण आणणार? मंदूब मीच ना अजून." ते हसले. "गुरुवारी दुपारच्या आत टाकायला पाहिजे. मग फाईन सुरू होतो."

"नबिलाचं काय ठरलं?" नबिला त्यांची मुलगी, बारावीला, शारजाच्या शाळेत.

"पेपर मार्चभर आहेत. गुरुवारपासून देश सोडायचे तीस दिवस धरले तर शेवटचे तीन पेपर बाहेर पडतात. केमिस्ट्री पण त्यातच. शाळेत जाऊन भेटलो, ते म्हणतात रेसिडन्स व्हिसा असेल तरच बसवू. तिची आई जुलेखा म्हणते, गावाला जाऊन पुढच्या वर्षी देऊ दे. पोरगी बोलत नाही माझ्याशी." त्यांनी फॉर्मचा कोपरा सरळ केला. "इन्शाल्ला, काहीतरी होईल. एक विचारू, ताई? त्या दिवशी मशीनमध्ये माझं नक्की काय आलं? लोक म्हणतात त्याच्यावरून नावं निघतात. मी तर काही लपवलं नाही. लपवायला माझ्याकडे आहे काय? सगळ्यांच्या फाईली, आणि त्या तर तुमच्याच कपाटात."

मी म्हटलं, फॉर्म ठेवून जा, उद्या सही करून देते. सध्या घाईत आहे. ते 'बरं' म्हणाले आणि गेले. ते दरवाज्यातून बाहेर पडेपर्यंत मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होते. अंगठा पहिल्या बोटाच्या पेरावरून दुसऱ्या पेरावर सरकत होता, मग तिसऱ्या. चालतानाही.

तीन आठवड्यांपूर्वी याच अंगठ्याने घात केला होता. नाही, अंगठ्याने नाही, मी. त्या दिवशी सकाळी डेरेकने मला बोलावलं, पण माझ्या शीट्सचा गठ्ठा टेबलावर आपटला नाही. त्याने तो अगदी हळू ठेवला, त्याचीच जास्त भीती वाटते. "अनुराधा, युअर शीट्स आर टू क्लीन," तो म्हणाला. जानेवारीच्या यादीनंतर वीस माणसं आणि एकाच्याही मनात काही नाही? मशीन बिघडलंय की तू? मग तो काचेबाहेरच्या क्रेनकडे बघत म्हणाला की वाचणारी माणसंही नंतर डब्यांवर बसणार आहेत, कुणी सुटणार नाही. मी केबिनमध्ये परत आले तेव्हा मोहिद्दीनभाई खुर्चीवर बसलेले होते, अंगठी काढून रुमालावर ठेवलेली. नेहमीचे प्रश्न सुरू झाले. चौदावा प्रश्न आहे, 'कंपनीपासून तुम्ही काही लपवलं आहे का?' मी तो विचारला आणि त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा डब्यावरून उठला, करंगळीच्या खालच्या पेराला टेकला, मग मधल्या, मग वरच्या. ते काहीतरी नाव घेत होते, बोटांच्या पेरांवर मोजत. प्रत्येक पेराबरोबर डब्यावरची पकड ढिली होत होती, घट्ट होत होती, आणि माझ्यासमोर सुई उजवीकडे झोकांड्या खात होती. पकड बदलली की सुई हलतेच. सुरुवातीला डबे दाबायला लावून आपण तेच तर तपासतो. हाताची हालचाल झाली तर ते पडणं धरायचं नाही, हे दहा दिवसांत मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. दुसरा कुणी वाचणारा असता, डेरेकसारखा, तर त्याला ती बोटं दिसलीच नसती. त्याला वाटलं असतं, म्हातारा अस्वस्थ झाला. पण मला कळलं. मला ते एका क्षणात कळलं, कारण माझे वडील, अण्णा, तसेच मोजायचे.

अण्णा साताऱ्याला जिल्हा परिषदेत होते. घरात जपमाळ होती, पण ती देवघरात. कचेरीत, एसटीत, दवाखान्याच्या रांगेत ते पेरांवर मोजायचे, तेरा अक्षरांचं रामनाम, करंगळीच्या तळापासून सुरुवात. तोंड हलायचं नाही. आई त्यांच्याशी बोलत असायची आणि अंगठा फिरत असायचा. मी लहान असताना समजायचे की अण्णांच्या अंगठ्याला खाज सुटते. सातवीत असताना गणिताच्या पेपरच्या दिवशी मी ताप आल्याचं सोंग केलं होतं. काखेतून थर्मामीटर काढला आणि रजईवर घासून घासून पारा वर नेला, एकशे एकवर, आणि त्यांच्या हातात दिला. अण्णांनी तो खिडकीपाशी नेऊन बघितला. मग माझ्या कपाळावर हात ठेवला. तो हात मी अजून विसरले नाही, कारण माझं कपाळ थंडगार होतं आणि दोघांनाही ते कळत होतं. त्यांचा दुसऱ्या हाताचा अंगठा फिरायचा थांबला. टेबलाशी बसून त्यांनी मुख्याध्यापकांना चिठ्ठी लिहिली, 'कन्येस ज्वर असल्याने', आणि खाली सही केली. माझ्या खोट्यावर त्यांची सही. मार दिला असता तर मी आठवड्यात विसरले असते.

तर मोहिद्दीनभाईंच्या शीटवर चौदाव्या प्रश्नापुढे मी लिहिलं, 'लांब पडली'. नियमाप्रमाणे मग विचारलं, काय लपवलंत? त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "काहीच नाही, ताई." मी लिहिलं, 'सांगण्यास नकार'. माझा हात थरथरला वगैरे नाही. अक्षर चांगलं आलं. मी मनात म्हटलं, इतक्या शीट्समध्ये एक. एकाने काय होतंय. खरं सांगायचं तर तेव्हाच मला माहीत होतं एकाने काय होतं ते. आणि हेही माहीत होतं की चार महिन्यांपूर्वी माझ्या नवऱ्याची, सुरेशची, नोकरी गेली तेव्हा याच माणसाने त्याचा व्हिसा माझ्या नावावर करून दिला होता. बायकोच्या नावावर नवऱ्याचा व्हिसा ही इथे सोपी गोष्ट नाही. ते इमिग्रेशनला पाच खेपा घालून आले, कुणा साहेबाच्या केबिनबाहेर दोन तास उभे राहिले, आणि मिठाई घ्यायलाही नको म्हणाले. "घरातलंच काम आहे, ताई, खलास," एवढंच म्हणाले. आता आम्ही तिघं माझ्या एका नोकरीवर इथे आहोत. ती गेली तर आमचेही तीस दिवस.

गाडी चालवत शारजाला घरी जाताना मला सारखं वाटत होतं की स्टिअरिंगला वायरी लावलेल्या आहेत. शेख झायद रोडवर गाड्या पूर्वीपेक्षा कमी, तरी नहदाच्या वळणावर तुंबलं होतंच. मीटरच्या काट्याकडे नजर जायची. मी स्वतःशीच प्रश्न विचारून बघत होते. तुमचं नाव? काही नाही. तुम्ही कुठे राहता? काही नाही. पंधरावा प्रश्न आहे, 'तुमच्यामुळे कुणाचं नुकसान झालं आहे का?' तो मनात आला की बोटं आपोआप आवळायची. खाई त्याला खवखवे. मी साठ-सत्तर माणसांसमोर बसून हेच पाहिलं आहे. प्रश्न चुकवायचा म्हणून माणूस जितका घट्ट बसतो तितकी सुई सुटते. उद्या ती लांब पडणार आणि माझी सुई वाचायला बसणारी शुभ्रा विचारणार, मॅम, काय आठवलं? शुभ्राला मीच शिकवलं होतं, महिनाभर, शेजारी बसवून. ठाण्याची आहे, सव्वीस वर्षांची, प्रामाणिक, जे दिसेल ते लिहिणारी. डेरेकने मुद्दाम तिला निवडलं असणार.

सुरेशने वांग्याची भाजी केली होती. नोकरी गेल्यापासून तो स्वयंपाक करतो आणि चांगला करतो, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्याला लागेल असं वाटतं. मी यादीबद्दल सांगितलं. तो पोळीचा तुकडा हातात धरून थांबला.

"तुला कसली भीती? मशीन तुझंच, प्रश्न तुझेच."

"मोहिद्दीनभाईंचं नाव आलंय यादीत."

"कळलं मला. फोन केला होता त्यांनी, सृष्टीला नबिलाची जुनी पुस्तकं देऊ का विचारत होते." त्याने पोळीचा तुकडा ताटात ठेवला. "त्यांचं नाव त्या मशीनवरून आलं?"

मी हो म्हटलं. पुढचं म्हटलं नाही. सुरेशने माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, हा कपाळावर हात ठेवतोय की काय. पण त्याने नजर काढून घेतली. "अनु, उद्या जेवढं विचारतील तेवढंच बोल. आपण तिघं तुझ्या एका व्हिशावर आहोत. सृष्टीचं वर्ष आहे." मग जरा वेळाने, ताटाकडे बघत, "फार चांगला माणूस, पण आपण काय करू शकतो?" असंही म्हणाला. मला माहीत होतं आपण काय करू शकतो.

बुधवारी सकाळी मी पाचला उठले. ओट्यापाशी कन्डेन्स्ड मिल्कचे दोन रिकामे डबे होते, धुऊन पालथे घातलेले. ते दोन हातांत धरून मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. श्वास हळू. हात मांडीवर. बोटं डब्याभोवती, घट्ट नाही, सैल नाही. मी लोकांना सांगते तसं स्वतःला सांगितलं. चौदा. पंधरा. पुन्हा पंधरा. काही विचार करायचा नाही, भिंतीवरच्या टाइल्स मोजायच्या. मी टाइल्स मोजल्या, आणि त्या संपल्या तरी मोजणं चालूच होतं. तेव्हा लक्षात आलं की मी टाइल्स मोजतच नाहीये. माझा अंगठा करंगळीच्या मधल्या पेरावर होता. कधी सुरू झालं मला कळलं नाही. मी अण्णांकडून कधी जप घेतला नव्हता, देवाला हात जोडायचे तेसुद्धा सणासुदीला. आणि माझा अंगठा वरच्या पेरावर गेला, अनामिकेवर आला, खाली उतरला. भीती वाटली की हात हे करतो, हे त्या हाताला कुणी शिकवलं? मला मोहिद्दीनभाईंचे मिटलेले डोळे आठवले. ते लपवत नव्हते. ते घाबरले होते, माझ्यासारखेच, आणि मी समोर बसून त्यांच्या भीतीला नाव दिलं होतं.

"आई, व्हाय आर यू होल्डिंग कॅन्स?" सृष्टी दारात उभी होती, शाळेचा टाय हातात.

"काही नाही गं. हात गार पडलेत."

"कॅन्स आर कोल्ड, आई," ती म्हणाली, आणि दूध घ्यायला फ्रिजकडे गेली.

अकरा वाजता मी माझ्याच केबिनमध्ये उलट्या बाजूच्या खुर्चीत बसले. या खुर्चीतून खिडकी दिसत नाही, एवढं चार महिन्यांत मला कळलं नव्हतं. पेटीची पाठ दिसते, वायरी दिसतात आणि वाचणाऱ्याचा चेहरा. शुभ्राचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्यापेक्षा तीच जास्त घाबरलेली वाटत होती.

"मॅम, बांगड्या," ती पुटपुटली. मी बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या. डबे गार होते, आणि त्यांना कुणाच्या तरी हँडक्रीमचा वास होता. "एकदा दाबा, मॅम." मी दाबले. तिने बटण फिरवलं. "ओके. सॉरी मॅम, मला जसंच्या तसं विचारावं लागेल."

"विचार. तसंच विचारायचं असतं."

नाव, गाव, खातं, झोप येते का. तिचे डोळे वर-खाली होत होते, तबकडीवर, कागदावर. मी तिच्या पापण्यांवरून सुई वाचायचा प्रयत्न करत होते. तेरावा झाला. चौदावा आला, 'कंपनीपासून तुम्ही काही लपवलं आहे का?' माझे कान तापले. काखेत घामाची धार सुटलेली कळली. शुभ्रा तबकडीकडे बघत राहिली. तिने काही लिहिलं नाही. "तुमच्यामुळे कुणाचं नुकसान झालं आहे का?" मी श्वास धरला. माझ्या छातीतलं मला ऐकू येत होतं. तिलाही येत असेल असं वाटलं. काल दुपारपासून, गाडीत, जेवताना, ओट्यापाशी, मी ज्या क्षणाला भीत होते तो हा. शुभ्राने मान वर केली आणि तिचा चेहरा एकदम सैल झाला, हसलीच ती. "काही नाही, मॅम. सुई एकदम शांत आहे. पुढे जाऊ या?"

आधी सुटल्यासारखं झालं, ते लपवत नाही. सुरेशचा चेहरा आला, सृष्टीचा टाय आला, हे वर्ष निघेल असं वाटलं. आणि मग त्या सुटकेच्या मागून दुसरीच भीती आली, पहिलीपेक्षा गार. सुई पडली नव्हती. एका माणसाचं घर मी उठवलं होतं, त्याच्या पोरीचे तीन पेपर बुडवले होते, आणि माझ्या अंगातून करंट जाऊन परत आला तरी त्याला वाटेत काही लागलं नव्हतं. एसीत हात कोरडे पडले असतील. यंत्राला काय, ते कातडीच बघतं. निर्दोष माणसाची भीती त्याने तीस दिवसांच्या शिक्षेएवढी मोठी करून दाखवली आणि माझं पाप त्याला दिसलंच नाही. मी या यंत्राला देव समजून भीत होते. आता मला कळलं की ते बघतच नाही, आणि तरी त्याने लिहिलेलं खरं धरलं जातं. मी बाहेर पडेन, डेरेक 'क्लीन' म्हणेल, आणि उद्या सकाळी ड्रॉवरमधला फॉर्म काढून मी त्यावर सही करेन. चांगल्या अक्षरात.

"थांब," मी म्हटलं. "पंधराव्याला उत्तर आहे."

"मॅम?"

"मोहिद्दीनभाईंच्या शीटवर मी चौदाव्याला 'लांब पडली' लिहिलंय. ते खोटं आहे. त्यांचा अंगठा हलत होता. ते बोटांवर नाव मोजत होते, मला दिसत होतं, आणि तरी मी लिहिलं. ते धरायला नको होतं. लिही."

शुभ्राने पेन धरलं आणि पुन्हा खाली ठेवलं. तिचे डोळे भरले होते. "मॅम, प्लीज. पुढचा प्रश्न घेऊ. मी काही ऐकलं नाही."

"ऐकलंस. लिही."

"पण सुई पडली नाही, मॅम." ती अगदी हळू बोलत होती, काचेपलीकडे कुणी ऐकेल अशा भीतीने. "पडली नाही तर त्यावर एक अक्षर लिहायचं नाही. तुम्हीच शिकवलंत. आणि लिहिलं तर तुमचं काय होईल? तुमच्या मिस्टरांचं?"

तिचं बरोबर होतं. नियम माझाच होता. डेरेककडे जाऊन तोंडी सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मैत्रीपोटी बोलतेस, घरी जा, विश्रांती घे. तो माणसांचं ऐकत नाही. तो शीट वाचतो. मी खाली माझ्या हातांकडे पाहिलं. बोटं डब्यांभोवती शांत होती. त्यांना काहीच करायचं नव्हतं. काही केलं नाही तर आम्ही तिघं इथेच राहणार होतो. मला इतकी भीती वाटत होती की ओठ सुन्न झाले होते. सातवीतल्या त्या दिवशीही असंच झालं होतं, पारा घासत असताना.

"पुन्हा विचार," मी म्हटलं. "पंधरावा."

"तुमच्यामुळे कुणाचं नुकसान झालं आहे का?" शुभ्राचा आवाज फुटला.

मी उजवा अंगठा डब्यावरून उचलला आणि करंगळीच्या तळच्या पेराला टेकवला. मग मधल्या. मग वरच्या. कुणाचं नाव घ्यावं सुचेना, म्हणून नबिलाचे पेपर मोजले, एक, दोन, तीन, आणि पुन्हा पहिल्यापासून. पेटीच्या पलीकडे शुभ्राचे डोळे तबकडीवरून उजवीकडे सरकले, आणखी उजवीकडे. मग ते तिथून निघून माझ्या हातावर आले. तिला अंगठा दिसला. हात हलतोय हे तिला दिसलं, आणि मला दिसलं की तिला दिसलंय. तीन आठवड्यांपूर्वी त्या खुर्चीत मी अशीच बघत होते. मग तिने मान खाली घातली, पेन उचललं आणि पंधराव्या प्रश्नापुढे 'लांब पडली' असं लिहिलं.

"काय आठवलं, मॅम?" तिने विचारलं.

मी पहिल्यापासून सांगायला लागले, आणि ती शब्दन्‌शब्द लिहून घेऊ लागली.